योजना लपवल्याच्या आरोपाबाबत रुग्णालयाचे उत्तर

महोदय, सप्रेम नमस्कार.

वडिलांच्या अँजिओप्लास्टीसाठी आपल्याला १,४६,००० रुपये खिशातून भरावे लागले आणि ‘पाच लाखांची सरकारी योजना असताना रुग्णालयाने ती मुद्दाम लपवली’, असे आपण जाहीर अभिप्रायात लिहिले आहे. आजारपणात आपल्या कुटुंबाला मनस्ताप झाला, याबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. मात्र ‘लपवली’ हा आरोप आम्हाला फार लागला आहे, म्हणून सविस्तर लिहिणे भाग आहे.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना पूर्वी प्रामुख्याने पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारकांसाठी होती आणि तिची मर्यादा कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपये होती. १ जुलै २०२४ पासून पांढरी शिधापत्रिका असलेली कुटुंबेही तिच्यात आली आणि मर्यादा पाच लाख झाली. आपली शिधापत्रिका पांढरी आहे. ती पाहताच प्रवेशद्वाराजवळच्या कक्षातील आरोग्यमित्रांनी (योजनेची माहिती व मदत देणारे कर्मचारी) आपल्या थोरल्या बंधूंना आपण पात्र असल्याचे सांगितले होते. योजनेत तपासण्या, स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळीदार नळी), औषधे आणि जेवण मिळून एकच पॅकेज असते, रुग्णाला काही भरावे लागत नाही, परंतु उपचार सर्वसाधारण कक्षात होतात. बंधूंना स्वतंत्र वातानुकूलित खोली हवी होती. ‘खोलीचे आम्ही भरतो, बाकीचे योजनेतून करा’, अशी त्यांची विनंती होती. पण अर्धे योजनेतून आणि अर्धे रोखीने असे नियमात बसत नाही, तसे केल्यास आमच्यावर कारवाई होऊ शकते. हे समजावून दिल्यावरच त्यांनी योजनेबाहेर उपचार घेत असल्याच्या मराठी संमतीपत्रावर सही केली. ते पत्र आमच्याकडे आहे. आपण त्या दिवशी गावात नव्हता, हे आम्ही समजू शकतो; पण मग जाहीरपणे लिहिण्याआधी घरात एकदा विचारायला हवे होते.

स्टेंटवर आम्ही कमाई केली, असेही आपण म्हणता. फेब्रुवारी २०१७ पासून स्टेंटची कमाल किंमत सरकार ठरवते, रुग्णालय नाही. स्टेंटच्या वेष्टनावरचे किंमत व बॅच क्रमांकाचे स्टिकर आपल्या डिस्चार्ज कार्डाच्या मागे चिकटवलेले आहे, ते कृपया पाहावे.

आमचे रुग्णालय लहान आहे आणि तालुक्यातल्या लोकांच्या विश्वासावरच चालते. असा अभिप्राय वाचून एखादा योजनेचा रुग्ण आमच्याकडे यायचे टाळेल आणि दुसरीकडे उधार-उसनवारी करून पैसे भरेल, याचे आम्हाला जास्त वाईट वाटते.

संमतीपत्राची माहिती घरातील आणखी कोणाला फोनवरून देता येईल का, यावर विचार सुरू आहे. बिलातील प्रत्येक बाब आपल्याला समोर बसून दाखवण्याची आमच्या लेखा विभागाची तयारी आहे. हे उपचार योजनेबाहेर झाल्यामुळे आपल्या कुटुंबाच्या पाच लाखांच्या मर्यादेतून त्यासाठी काहीही वजा झालेले नाही. पुढे गरज पडल्यास शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन आधी आरोग्यमित्रांना भेटावे.

आपला,
रुग्णालय संचालक