विश्रांती नव्हे, हजेरी

ध्यानप्रार्थना म्हणजे दमलेल्या सेवाभावी माणसाची विश्रांती, असं मदतसंस्थांमधल्या कामावरच्या या लेखात म्हटलंय. नाही पटलं. कॅथलिक मदतसंस्थेत मी नऊ वर्षं काढली, त्यातली निम्मी देणगीदारांचे अहवाल लिहिण्यात (हे भरतीच्या वेळी कुणी सांगत नाही!). सकाळी वीस मिनिटं गप्प बसले की देव राहिला बाजूला, आधी आठवायची ती काल रांगेत जिच्यावर मी खेकसले ती बाई. शिक्का नसलेला कागद तिने दोन्ही हातांनी धरला होता. विश्रांती कसली, हजेरीच घेतली जायची. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी दिवसभराची ही उजळणी दोनदा करायला सांगितलीय, ती उगाच नाही.

लेखात पेद्रो आरुपे यांचा उल्लेख हवा होता. १९४५ साली हिरोशिमाच्या जखमींवर मठातच उपचार करणारे हे जेझुइट धर्मगुरू. व्हिएतनाममधून होड्यांतून पळालेल्यांचे हाल पाहून १९८० मध्ये जेझुइट रेफ्युजी सर्व्हिस ही निर्वासितांसाठीची संस्था सुरू केली तीही त्यांनीच. जपानी पद्धतीने पाय दुमडून प्रार्थनेला बसलेला त्यांचा फोटो जरूर बघा.

सेवेच्या नावाखाली पगार अडवले जातात, असं लेखात लिहिलंय त्याला मात्र पूर्ण सहमती. ‘ही तर सेवा’ म्हणत आमची वाढ तीन वर्षं लांबवली होती.