घरांच्या एजंटची दलाली बेकायदेशीर नाही

सोसायट्यांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘रेरा आल्यापासून एजंटला दलाली देणं बेकायदेशीर आहे, मागितली तर तक्रार करा.’ हे खरं नाही. रेरा म्हणजे घरबांधणी आणि घरविक्रीवर नियंत्रण ठेवणारा २०१६ चा कायदा. त्यातली एजंटची व्याख्याच मोबदला घेऊन व्यवहार जुळवणारा अशी आहे. नोंदणीकृत प्रकल्पातली घरं विकायला त्याला कलम ९ नुसार नोंदणी लागते. महाराष्ट्रात प्रशिक्षण आणि परीक्षाही. महारेराच्या, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर त्याचा नोंदणी क्रमांक जरूर तपासा. दर कायद्याने ठरवलेला नाही, म्हणून आधीच लेखी ठरवा.

एजंटचं काम म्हणजे भर उन्हात फ्लॅट दाखवणं, किल्ल्यांसाठी हेलपाटे, मालकाची मनधरणी, कर्जाच्या कागदांचा पाठपुरावा. आणि व्यवहार फिसकटला तर बहुतेकदा हातात काहीच नाही. एजंटांच्या कष्टाचे पैसे बुडवणारा हा मेसेज कृपया पुढे पाठवू नका.