हरवळेची गुहा, ‘भीमाचा सांगाडा’ आणि जांभा दगड

उत्तर गोव्यात साखळीजवळ असलेल्या हरवळेविषयीचा एक मेसेज गोव्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर अधूनमधून डोके वर काढतो. तपशील थोडेफार बदलतात, कधी सांगाडा थेट ‘भीमाचा’ होतो, पण गाभा तोच राहतो. ‘हरवळेच्या पांडव गुहेत आदिमानवाचा राक्षसी सांगाडा सापडला. कार्बन चाचणीत तो हजारो वर्षांपूर्वीचा ठरला. उसगाळीमळची चित्रे याच लोकांनी कोरली. सरकार हे दडपत आहे. अवशेष आजही गुहेत आहेत, मुलांना घेऊन जा.’ सोबत फोटो: खड्ड्यात पसरलेला प्रचंड सांगाडा आणि त्याच्या कवटीजवळ मुंगीएवढा दिसणारा माणूस. पांडव आणि आदिमानव एकाच वाक्यात कसे नांदतात, हे पाठवणाऱ्यालाच ठाऊक.

आधी फोटो, कारण लोक भुलतात ते त्यालाच. तो गोव्यातला नाही, भारतातलाही नाही. 2000 मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात हाइड पार्क येथे कॉर्नेल विद्यापीठाच्या मंडळींनी मॅस्टोडॉन या हत्तीच्या नष्ट झालेल्या नातलगाचे उत्खनन केले. त्याच्या हवाई छायाचित्रावर 2002 मध्ये एका कलाकाराने संगणकावर मानवी सांगाडा बसवला. वर्थ1000 या संकेतस्थळावर फोटो-करामतींची स्पर्धा होती, तिच्यासाठी. पुढे हेच चित्र कधी सौदी अरेबियातला राक्षस, तर कधी उत्तर भारतातला घटोत्कच म्हणून फिरले. आता ते साखळीला पोचले आहे.

फोटो बाजूला ठेवला तरी असा माणूस उभा राहणे कठीण. तेच प्रमाण राखून उंची दुप्पट केली की वजन आठपट होते, पण मांडीच्या हाडाचा छेद चौपटच वाढतो. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दुप्पट भार. उंची तिप्पट केली तर तिप्पट. हत्तीचे पाय खांबासारखे जाड असतात ते यामुळेच. फोटोतल्या सांगाड्याचे प्रमाण मात्र तुमच्या-आमच्यासारखेच सडपातळ आहे.

‘गुहा आदिमानवाची.’ हरवळेला जाऊन पाच मिनिटे भिंतीकडे पाहिले तरी हे निकालात निघते. पाण्याने झिजून बनलेल्या गुहेत सरळ कोपरा, चौकोनी खांब आणि सपाट जमीन ओळीने सापडत नाही. इथे शेजारी शेजारी कोरलेली दालने आहेत आणि त्यांत शिवलिंगे आहेत. भिंतीवर बॅटरी समोरून मारू नका. भिंतीला जवळजवळ टेकवून तिरकी धरा. दगड झिजलेला नाही तिथे छिन्नीचे समांतर घाव सावलीने उठून दिसतात. हे काम लोखंडी हत्याराचे आहे. अभ्यासक ही लेणी साधारण सहाव्या-सातव्या शतकातली मानतात. मूळची बौद्ध की शैव यावर वाद आहे, पण तो वाद दीड हजार वर्षांच्या आतला आहे. लिंगांपैकी एकावर संस्कृत लेखही आहे, आणि प्रागैतिहासिक म्हणजेच लेखनाच्या आधीचा काळ. गोव्यातल्याच लामगाव, रिवण, खांडेपार इथली लेणीही अशीच मुद्दाम कोरलेली. ‘पांडव’ हे नाव कोकणात आणि देशावर कोणत्याही जुन्या लेण्याला चिकटते, त्यावरून काळ ठरवता येत नाही.

यावर हमखास उत्तर येते की दगड लाखो वर्षांचा आहे. असेलही. म्हणून त्यात खोदलेली खोली तितकी जुनी होत नाही. गेल्या वर्षी काढलेल्या चिऱ्यांनी, म्हणजे जांभ्याच्या ठोकळ्यांनी, बांधलेले घरही त्याच जांभ्याचे असते.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे जांभा. गोव्यात चिरेखाण न पाहिलेला माणूस विरळा. उन्हापावसाच्या माऱ्याने मूळ खडकातले सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम वाहून जाते आणि मागे लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडे उरतात, तो जांभा. जमिनीखाली ओला असताना तो मऊ असतो, उघड्यावर सुकला की कठीण होतो. म्हणून तर त्यात लेणी कोरणे सोपे गेले. पण ज्या पाण्याने दगडातले कॅल्शियम धुऊन नेले, ते हाड कसे सोडेल? हाडाचा खनिज भाग कॅल्शियम फॉस्फेटचा, आणि आपल्या डोंगरांतली माती आम्लधर्मी. त्यात दरवर्षी मुरणारा चार महिन्यांचा पाऊस. पुरलेले हाड आधी ठिसूळ होते, मग त्याचा भुगा होतो आणि शेवटी मातीत नुसता डाग उरतो, कधी तोही नाही.

जगातल्या ज्या गुहा मानवी जीवाश्मांसाठी गाजल्या त्या बहुतेक चुनखडीच्या किंवा डोलोमाइटच्या का, ते इथे कळते. इंडोनेशियातली लिआंग बुआ (2003 मध्ये होमो फ्लोरेसिएन्सिस ही बुटकी मानवजात), चीनमधली झोउकोउदियन (1929 मध्ये पहिली कवटी), दक्षिण आफ्रिकेतली स्टर्कफोन्टेन. तिथल्या पाण्यातच चुना विरघळलेला असतो. तो हाडे खात नाही, उलट हाडे, माती आणि खडे एकत्र सांधून काँक्रीटसारखा कठीण गोळा बनवतो. स्टर्कफोन्टेनचा ‘लिटल फूट’ सांगाडा 1997 मध्ये खडकात दिसला. तो सुटा करून, साफ करून लोकांसमोर मांडायला 2017 उजाडले. ‘गुहेत शिरलो आणि सांगाडा पडला होता’ हे खरे काम करणाऱ्यांच्या नशिबी क्वचितच येते.

चुनखडी हवीच असेही नाही. श्रीलंकेतली फा-हियन लेना ही नीस खडकातली गुहा. तिथे सुमारे 38 हजार वर्षांपूर्वीचे मानवी अवशेष मिळाले. पण ती खोल, कोरडी आणि थरांनी भरलेली आहे. हरवळेत असा न हललेला मातीचा जाड थरच नाही. दगड कोरून काढला आणि जमीन साफ केली, मग हाड राहणार कुठे?

आपल्या देशातला सर्वांत गाजलेला जुना मानवी जीवाश्म गुहेत मिळालेलाच नाही. मध्य प्रदेशात हथनोरा इथे, नर्मदेच्या काठच्या घट्ट झालेल्या वाळू-गोट्यांच्या थरातून अरुण सोनकिया यांनी 5 डिसेंबर 1982 रोजी कवटीचा वरचा भाग काढला.

‘कार्बन चाचणीत सिद्ध झाले’ ही ओळ दिसली की विचारा: चाचणी कशाची केली? या पद्धतीला एके काळी जिवंत असलेल्या गोष्टीतला कार्बन लागतो, म्हणजे कोळसा, लाकूड, हाडातले कोलॅजन हे प्रथिन. जांभा किंवा त्यातली कोरीव रेघ या चाचणीत बसत नाही. साधारण 50 हजार वर्षांपलीकडे ही पद्धत थकते. गुहेत मिळालेला कोळसा तपासला तर झाड कधीचे ते कळते, भिंत कोणी कोरली ते नाही. मातीचा थर असेल तर त्यातले क्वार्ट्झचे कण शेवटचे उजेडात कधी होते हे मोजता येते, पण त्यासाठी नमुना अंधारात काढावा लागतो. मोबाइलच्या फ्लॅशखाली उकरलेली माती त्या कामाची राहत नाही.

उसगाळीमळबाबत मेसेज निदान अर्धा बरोबर आहे, कारण ती जागा खरोखरच प्राचीन आहे. दक्षिण गोव्यात रिवणच्या पुढे कुशावती नदीच्या वळणावर, जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या सपाट कातळावर, शंभराहून अधिक आकृत्या आहेत. वशिंडाचे बैल, माणसे, आणि लोक ज्याला चक्रव्यूह म्हणतात ती वर्तुळाकार आकृती. 1993 मध्ये ती अभ्यासकांच्या नजरेत आली. काळाबद्दल एकमत नाही. मध्याश्मयुगापासून पुढच्या काळापर्यंत वेगवेगळी मते आहेत. त्यामुळे मेसेजमधला ठाम आकडा कोणाच्या तरी मतावर चढवलेला मुलामा आहे. हरवळेशी संबंध तर नाहीच. मध्ये अख्खा गोवा आहे आणि हजारो वर्षे आहेत. गोव्यात अश्मयुगीन माणूस होता, हे मात्र खरे. दूधसागर नदीच्या खोऱ्यात त्याची दगडी हत्यारे मिळाली आहेत. दगड टिकला, हाड टिकले नाही.

‘सरकार दडपते’ यावर फार लिहिण्यासारखे नाही. हरवळेची लेणी केंद्राच्या संरक्षित यादीत आहेत आणि कोणीही जाऊन पाहू शकतो.

‘अवशेष गुहेतच आहेत’ हे जगातल्या नावाजलेल्या गुहांबाबतही सहसा खरे नसते. मूळ हाडे प्रयोगशाळेत किंवा संग्रहालयात नेतात, पर्यटकांना साचे दाखवतात. स्टर्कफोन्टेनची ‘मिसेस प्लेस’ ही 1947 ची कवटी प्रिटोरियात आहे. झोउकोउदियनची युद्धापूर्वी मिळालेली बहुतेक मूळ हाडे तर 1941 च्या युद्धधामधुमीत हरवली ती आजवर सापडलेली नाहीत.

मुलांना जरूर न्या, पण हाडे दाखवायला नव्हे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ येते आणि रबरी चप्पल घसरते. कुशावतीला पूर आला तर उसगाळीमळचा सडा पाण्याखाली जातो. तिथे दुपारी बारा वाजता गेलात तर रेघा दिसणारच नाहीत. सकाळी लवकर किंवा चारनंतर उजेड तिरका पडतो. रेघ फोटोत उठावी म्हणून खडू भरू नका, पाणी ओतू नका, आकृतीवर उभे राहू नका. पावडर छिद्रांत बसते आणि पुढच्या अभ्यासाला अडथळा होतो. हरवळेसारख्या केंद्र-संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात.

आणि चिरेखाणीत, विहिरीच्या खोदाईत किंवा खाडीकाठच्या शिंपल्यांच्या थरात (गोव्यात हाड टिकायचेच तर ते अशा चुन्याच्या जागी) काही सापडले, तर ते उचलून धुऊ नका. शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवून फोटो घ्या, थर दिसेल असा एक लांबून काढा, मोबाइलमध्ये जागा नोंदवा, खोदाई थांबवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. बहुतेक वेळा ते गुराचेच हाड निघते. तरीही कळवा, कारण थरातून उपटून कपाटात ठेवलेल्या हाडाचा काळ नंतर ठरवणे फार अवघड जाते.