धुळीपेक्षा सांधे बघा

‘डक्ट साफ करून घ्या, हिवाळ्यातलं गॅसचं बिल उतरेल’ हा एका लेखातला सल्ला अमेरिकेतल्या घरांसाठी अर्धवट आहे. डक्ट म्हणजे गरम हवा खोल्यांत नेणाऱ्या नळ्या. पैसे धुळीत नाही, सांध्यांतून जातात. साधारण घरात डक्टमधली २० ते ३० टक्के हवा फटींतून वाया जाते, असं तिथला ‘एनर्जी स्टार’ हा सरकारी ऊर्जाबचत कार्यक्रम सांगतो.

अ‍ॅटिक (छताखालचा पोटमाळा) आणि क्रॉल स्पेस (जमिनीखालची बुटकी पोकळी) यांमधले डक्ट आधी तपासा. फर्नेसचा, म्हणजे हवा तापवणाऱ्या भट्टीचा, पंखा चालू ठेवून सांध्याजवळ उदबत्ती धरा (इन्सुलेशनपासून, म्हणजे डक्टवरच्या उष्णतारोधक वेष्टणापासून, लांब!). सप्लायच्या (खोल्यांत गरम हवा नेणाऱ्या डक्टच्या) फटीवर धूर बाहेर ढकलला जातो, रिटर्नच्या (हवा फर्नेसकडे परत आणणाऱ्या डक्टच्या) फटीत आत ओढला जातो. इन्सुलेशनवर काळपट पट्टा दिसला तरी तिथे गळती समजा.

नाव ‘डक्ट टेप’ असलं तरी ती कापडी पट्टी इथे निरुपयोगी. उष्णतेने गोंद वाळतो आणि पट्टी लोंबू लागते. निसटलेला पत्र्याचा जोड तीन स्क्रूंनी आवळा, धूळ पुसा, मग ब्रशने मॅस्टिकचा (फटी बुजवणाऱ्या घट्ट लेपाचा) जाड थर द्या. पाव इंचाहून मोठ्या फटीवर आधी फायबरग्लासची जाळी. मॅस्टिक पूर्ण वाळल्यावरच इन्सुलेशन गुंडाळा, अ‍ॅटिकमध्ये आर-८ दर्जाचं (‘आर’चा आकडा जितका मोठा, तितकी उष्णता जास्त अडते).

रिकाम्या खोल्यांचे व्हेंट (हवा येण्याच्या जाळ्या) बंद करून बचत होत नाही. डक्टमधला दाब वाढतो आणि उरलेल्या फटींतून जास्त हवा जाते. फिल्टर मात्र दर महिन्याला बघा.

आणि काम झाल्यावर कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म चालतोय ना, हे तपासा. फर्नेसजवळच्या रिटर्नमध्ये फट राहिली तर ज्वलनाचा धूर घरात ओढला जाऊ शकतो.