‘तुकड्यांवर खूश होणारे’: एका प्रतिक्रियेला उत्तर

कोल इंडिया या सरकारी कोळसा कंपनीच्या लाभांशाच्या, म्हणजे नफ्यातून शेअरधारकांना वाटलेल्या पैशांच्या, इतिहासावर मी लिहिलं, त्याखाली तुमची प्रतिक्रिया: "लाभांशाच्या तुकड्यांवर खूश होणाऱ्यांना गुंतवणूक कळत नाही." पुढे तीन मुद्दे. शेअरचा भाव वर्षानुवर्षं जागचा हलला नाही, लाभांशावर कर बसतो आणि 2015-16 नंतर लाभांश सलग घटत गेला.

कराचं मान्य. 1 एप्रिल 2020 पासून लाभांश आपल्या उत्पन्नात धरला जातो, कराच्या वरच्या टप्प्यातल्या माणसाच्या हाती बरंच कमी उरतं. बरोबर आहे तुमचं.

पण तुकडे? हा शब्द लिहिण्याआधी आकडे तरी बघायचे. ऑक्टोबर 2010 च्या आयपीओत, म्हणजे पहिल्या जाहीर विक्रीत, हा शेअर 245 रुपयांना मिळाला. 2013-14 या एकाच वर्षात शेअरमागे 29 रुपये आले, मूळ खरेदीवर जवळपास 12 टक्के. 2024-25 पर्यंतचे सगळे लाभांश जोडून बघा. बेरीज 245 च्या पुढे जाते आणि शेअर डीमॅट खात्यात आहेत तिथेच आहेत. भीक घातल्यासारखा शब्द वापरताना याचा विचार केला होतात का?

आणि "कळत नाही" हे कोणाला ऐकवताय? माझे वडील निवृत्त झाले तेव्हा त्यांना पेन्शन नव्हती. पासबुकात लाभांश जमा झाल्याची ओळ दिसली की ते तिच्याखाली पेन्सिलीने रेघ ओढायचे आणि त्या पैशातून आरोग्य विम्याचा हप्ता बाजूला काढायचे. 2020 मध्ये भाव आयपीओच्या 245 च्या निम्म्याहून खाली आला, ओळखीतले कित्येक जण विकून मोकळे झाले. आम्ही एकही शेअर विकला नाही, कारण विकायची वेळच आली नाही. 2020-21 च्या त्या वर्षातही 16 रुपये आलेच. ज्याला घरखर्च भागवायचा आहे त्याला पडत्या भावात विकावं लागू नये, हेच तर लाभांशाचं काम. हे ज्याने जवळून पाहिलंय त्याला गुंतवणूक शिकवायला येऊ नका. स्पष्ट बोलतोय, राग आला तर येऊ दे.

भावाबद्दल मी लिहिलंच नव्हतं, तेव्हा तो मुद्दा इथे गैरलागू. राहिली घट. 2015-16 चे 27.40 रुपये 2019-20 मध्ये 12 वर आले, हो. मधे कामगारांचा वेतनकरार झाला, नफ्याला कात्री लागली. पुढे 2024-25 मध्ये 26.50 झाले. शिवाय कंपनीत सुमारे 63 टक्के हिस्सा सरकारचा आहे. नफ्याच्या 30 टक्के किंवा नक्त मालमत्तेच्या (देणी वजा जाता उरणाऱ्या मालमत्तेच्या) 5 टक्के, यांतलं जे जास्त असेल तेवढा लाभांश द्या, असं 2016 मध्ये सरकारनेच आपल्या कंपन्यांना बजावलं. तिजोरीलाही हे पैसे हवे असतात. त्यामुळे यावर जास्त बोलायची गरज मला वाटत नाही.

त्या चार वर्षांचा वर्षवार हिशोब खरोखर हवा असेल तर सरळ तसं विचारा, देईन. "तुमच्यासारख्यांनी एफडीच करावी" असली वाक्यं मात्र पुन्हा आली तर उत्तर मिळणार नाही.