शून्यं लिहून जागा राखली जात नाही

सध्या एक दावा बराच फिरतोय: "फाइलसाठी आधी जागा राखून ठेवायची सोय फिरत्या हार्ड डिस्कच्या काळातली. एसएसडी आल्यावर फाइल सिस्टिमने ते ओझं वाहायचं कारण नाही. ज्याला हवी त्याने फाइल लांब करून घ्यावी, नाहीतर शून्यं लिहावीत. शिवाय न लिहिता दिलेल्या जागेत दुसऱ्याचा जुना डेटा दिसतो."

मी पुण्यात घरगुती बैठकींचं ध्वनिमुद्रण करतो आणि त्यासाठीचा प्रोग्रॅमही मीच लिहिलाय. त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना. (फाइल सिस्टिम म्हणजे डिस्कवर कुठली फाइल कुठे आहे याचा हिशेब ठेवणारी व्यवस्था.)

"फाइल लांब करून घ्या" हा सल्ला मी एकदा पाळला होता. सदाशिव पेठेतली बैठक, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन चॅनेल. म्हणजे सेकंदाला २,८८,००० बाइट, तासाला एक जीबीहून किंचित जास्त. तीन तासांच्या हिशेबाने एफ-ट्रंकेट हे फाइलची लांबी बदलणारं फंक्शन वापरून सव्वातीन जीबीची फाइल केली. फाइलची लांबी दाखवणाऱ्या एलएस कमांडने सव्वातीन जीबी दाखवले, मी निश्चिंत झालो. डिस्कवर खरी किती जागा गेली ते सांगणारं डीयू चालवलं असतं तर कळलं असतं की डिस्कवर त्या फाइलला एकही ब्लॉक, म्हणजे जागेचा एकही तुकडा, मिळालेला नाही; ती नुसती पोकळी होती. मध्यंतरात त्याच डिस्कवर कुणीतरी फोटो उतरवले, आणि भैरवी सुरू झाल्यावर जागा संपल्याची एरर आली. ती भैरवी गेली. फाइलसाठी आधीच जागा राखणारं लिनक्सचं फॅलोकेट वापरलं असतं तर हीच एरर तानपुरे लागायच्या आधी आली असती, डिस्क रिकामी करायला हातात वेळ असताना.

एसएसडीचा मुद्दा म्हणूनच अर्धवट आहे. डिस्कवर फाइलचे तुकडे कमी पडावेत हा या सोयीचा एक फायदा, आणि एसएसडीवर तो घटतो हे मान्य. पण डिस्क कशाचीही असो, भरायची ती भरतेच. मागितलेली जागा मिळाली की नाही याचं उत्तर आधी हवं, ही खरी गरज.

मग शून्यं का लिहू नयेत? मंगल कार्यालयाची तारीख घेताना आपण हॉलमध्ये पाहुणे आणून बसवत नाही, वहीत नोंद करतो. शून्यं लिहिली तर तेच सव्वातीन जीबी दोनदा लिहावे लागतात, आणि एसएसडीची झीज वाढते ती वेगळीच. लिनक्सवरची ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम मात्र फक्त नोंद करते: अमुक ब्लॉक या फाइलचे, अजून न लिहिलेले. अशी एक नोंद जास्तीत जास्त ३२,७६७ ब्लॉकची, म्हणजे ४ केबीच्या ब्लॉकने जवळपास १२८ एमबी. सलग जागा मिळाली तर माझी अख्खी मैफल पंचवीसएक नोंदींत बसते. उलट कॉम्प्रेशन चालू असलेल्या झेडएफएस या फाइल सिस्टिमवर शून्यांचे ब्लॉक साठवलेच जात नाहीत. तिथे शून्यं लिहून काहीच राखलं जात नाही.

जुना डेटा दिसण्याची भीती याच नोंदीमुळे निराधार ठरते. न लिहिलेला भाग वाचला तर फाइल सिस्टिम शून्यंच देते. विंडोजमध्ये सेट-फाइल-व्हॅलिड-डेटा नावाचं फंक्शन जुना मजकूर उघडा पाडू शकतं हे खरं, पण म्हणूनच त्याला खास परवानगी लागते.

हे काम प्रोग्रॅमवर सोडा म्हणणाऱ्यांनी २००७ च्या आधीचं लिनक्स आठवावं. एक्सएफएसची जागा राखायची स्वतःची वेगळी कमांड होती, बाकीच्या फाइल सिस्टिमसाठी शून्यंच. त्या वर्षी २.६.२३ या आवृत्तीत फॅलोकेट आलं आणि सगळ्यांना एकच दार मिळालं. आजही फाइल सिस्टिमला ही सोय नसेल, तर ग्लिबसी या लिनक्सवरच्या मूळ लायब्ररीचं पॉझिक्स-फॅलोकेट गुपचूप प्रत्येक ब्लॉकमध्ये एकेक बाइट लिहीत बसतं. न सांगता असं व्हावं हे मला पटत नाही, म्हणून मी थेट फॅलोकेटच वापरतो.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. बीटीआरएफएससारख्या, प्रत्येक बदल नव्या जागी लिहिणाऱ्या फाइल सिस्टिमवर हे वचन कच्चं आहे; स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) घेतला की राखलेल्या जागेवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून ध्वनिमुद्रणाची डिस्क मी ईएक्सटी४ ची ठेवतो. जागा फाइलची लांबी न वाढवता राखतो, म्हणजे मध्येच वीज गेली तरी फाइलच्या शेपटाला शून्यं लागत नाहीत. बैठक संपली की फाइल खऱ्या लांबीला छाटतो आणि उरलेली जागा परत मिळते. फॅलोकेटने नकार दिला तर माझ्या प्रोग्रॅममध्ये रेकॉर्डचं बटणच चालत नाही. मग बॅगेतली दुसरी डिस्क लावायची.