मॅनेजरने राजीनामा दिल्यावर आपली बढती कशी जपावी

आपला मॅनेजर कंपनी सोडून चालला आहे हे समजताच सर्वप्रथम आनंद व्यक्त करावा. तो खरा असण्याची गरज नाही, मात्र टीमच्या ग्रुपवर पहिल्या पाच जणांत त्याची नोंद झाली पाहिजे. ‘सर, तुमच्यासारखे मार्गदर्शक लाभणे हे आमचे भाग्य’ असे लिहावे, खाली पुष्पगुच्छ टाकावा, आणि ‘या वेळी तुमचे नाव नक्की आहे, वर बोलणे झाले आहे’ हे याच सरांनी दिवाळीच्या सुमारास दिलेले आश्वासन नेमके कोणत्या कागदावर आहे, याचा विचार संध्याकाळी ऐरोलीहून ठाण्याच्या गाडीत उभे राहून सावकाश करावा. उत्तर दिघा गाव येण्यापूर्वीच सापडते. ते कोणत्याही कागदावर नाही.

राजीनामा कधी दिला, हे मॅनेजरला चुकूनही विचारू नये. आपल्याकडच्या आयटी कंपन्यांत नोटीस पिरियड बहुधा नव्वद दिवसांचा असतो आणि त्यातले बहुतेक दिवस ही बातमी वरच्या साहेबांना, एचआरला, अ‍ॅडमिनला आणि पॅन्ट्रीतल्या मुलाला ठाऊक असते. टीमला ती अखेरच्या आठवड्यात सांगण्यात येते, कारण ‘कामावर परिणाम होता कामा नये’. दरम्यानच्या काळात आपण त्याच मॅनेजरसमोर बसून पुढील वर्षाची उद्दिष्टे ठरवलेली असतात आणि त्याने गंभीर चेहऱ्याने ‘तुमच्यात लीडरशिप दिसते, फक्त थोडी व्हिजिबिलिटी वाढवा’ असे सांगितलेले असते. आपण व्हिजिबिलिटी वाढवण्यासाठी शनिवारचे दोन कॉल अंगावर घेतलेले असतात. अशा वेळी रागावू नये, अभिनयाला दाद द्यावी. वरच्या पदांसाठी जी कौशल्ये लागतात त्यांत या कौशल्याचा क्रमांक बराच वरचा आहे आणि ते इतक्या जवळून पाहायला मिळणे हेही एक प्रशिक्षणच म्हणायचे.

निरोपसमारंभाच्या केकवरील नावाचे स्पेलिंग स्वतः तपासून घ्यावे, कारण या सगळ्या व्यवहारात लेखी उमटणारी तेवढी एकच गोष्ट असते.

यानंतर कामाच्या हस्तांतरणाचा टप्पा येतो, ज्याला आपण केटी, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर म्हणतो. कोणत्या सर्व्हरचा पासवर्ड कोणाकडे आहे, कोणत्या व्हेंडरचे बिल अडकले आहे, कोणत्या क्लायंटला ‘हॅलो’ म्हटलेले आवडत नाही, पार्किंगचा स्टिकर कोणाला द्यायचा, अशा बारीकसारीक गोष्टींची एक्सेल शीट तयार होते आणि तिच्यातील प्रत्येक ओळीपुढे हिरवा रंग भरला जाईपर्यंत साहेबांना रिलीव्हिंग लेटर मिळत नाही. या शीटमध्ये माणसांचा रकाना नसतो. कोणाची शिफारस झाली होती, कोणाला काय शब्द दिला होता, कोणी मागची दोन वर्षे बढतीशिवाय वरच्या पदाचे काम केले, यासाठी एक ओळ वाढवा असे सुचवण्याचा आगाऊपणा आपण करू नये. प्रिंटरच्या टोनरची नोंद त्याच शीटमध्ये व्यवस्थित आहे, याचे समाधान मानावे.

काही नतद्रष्ट लोक वेगळाच सल्ला देत फिरतात, त्यांच्यापासून सावध राहावे. त्यांचे म्हणणे असे की मॅनेजर जात असल्याचा नुसता सुगावा लागला तरी त्याला गाठून, तोवरच्या कामाचे मूल्यमापन आणि बढतीची शिफारस अप्रेझलच्या पोर्टलमध्ये लिहून घ्यावी. तीच शिफारस त्याने एका मेलने त्याच्या वरिष्ठाला आणि एचआरला कळवावी, आणि त्या मेलच्या प्रतीत आपले नाव असावे. आपण कोणते काम केव्हा केले, त्याने किती वेळ वा पैसा वाचला आणि कोणी त्याची पोच दिली, याची नोंद दर महिन्याला स्वतः करून ठेवावी. मॅनेजरच्या वरच्या साहेबाला आपले नाव आणि चेहरा वर्षातून निदान दोन-तीनदा दिसेल अशी व्यवस्था करावी, आणि शेजारच्या एखाद्या विभागप्रमुखाला आपले काम ठाऊक असेल असे पाहावे. हे सर्व ऐकायला ठीक आहे, पण असे काही मागणे म्हणजे साहेबांवर अविश्वास दाखवणे होय. ‘अहो, माझ्यावर विश्वास नाही का?’ असे त्यांनी दुखावलेल्या स्वरात विचारले की आपण ‘तसे नाही हो सर’ म्हणावे आणि जागेवर परत यावे. सर्वांनी आजवर हेच केले आहे.

कौतुकाचे मेल स्वतःच्या खासगी पत्त्यावर मात्र खरोखरच पाठवू नयेत, हे मी उपरोध बाजूला ठेवून सांगतो. त्यात क्लायंटचे नाव वा आकडे असतील तर तो माहितीच्या सुरक्षेच्या नियमांचा भंग ठरतो आणि त्यावर नजर ठेवणारी प्रणाली लगेच बोंब मारते. ही प्रणाली फार हुशार असते. कंपनीचा कागद बाहेर गेला तर तिला कळते. कंपनीच्या वतीने दिलेला शब्द एखाद्या शुक्रवारी लॅपटॉप जमा करून बाहेर निघून गेला तर मात्र तिच्या पडद्यावर काहीच उमटत नाही.

आता नव्या मॅनेजरविषयी. तो बहुधा बंगळुरू किंवा हैदराबादला असतो आणि आपल्याला फक्त व्हिडिओ कॉलच्या चौकोनात दिसतो. पहिल्या बैठकीत तो प्रत्येकाला स्वतःची ओळख करून द्यायला सांगतो, तेव्हा आठ-दहा वर्षांचे काम नव्वद सेकंदांत सांगून झाले की थांबावे, कारण त्याला दुसऱ्या कॉलला जायचे असते. ‘मी कोणाबद्दलही पूर्वग्रह ठेवत नाही, आपण पाटी कोरी करून सुरुवात करू’ असे तो म्हणेल. हे उदार वाक्य ऐकून भारावून जावे. पाटीवर ज्यांचे काहीच लिहिलेले नव्हते ते खरोखरच भारावलेले असतात.

बढती मिळाली नाही तरी मन खट्टू करू नये. ऑक्टोबर २०२४ पासून ऐरोलीच्या नाक्यावर हलक्या वाहनांना टोल माफ झालेला आहे, तेव्हा मुलुंडहून गाडीने येणाऱ्यांनी ती पगारवाढ समजावी. आम्ही विटाव्यावरून येणाऱ्यांनी ट्रॅफिकमध्ये बसून आत्मपरीक्षण करावे.

या लेखाचे निमित्त ताजे आहे. आमचे साहेब फेब्रुवारीत गेले. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, अप्रेझलचे फॉर्म त्याआधीच उघडतात आणि रेटिंगची बैठक एप्रिलमध्ये होते, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. ते गेले त्या दिवशी त्यांच्या नावावरचे माझे सर्व फॉर्म ‘प्रलंबित’ अवस्थेत होते आणि सोमवारी ते आपोआप नव्या साहेबांच्या नावावर वर्ग झाले. मी स्वमूल्यमापन भरले, त्यात गणपतीच्या दिवसांत रात्री जागून केलेल्या मायग्रेशनपासून सगळे लिहिले, प्रत्येक मुद्द्याखाली पुरावा म्हणून मेलचा संदर्भ दिला. त्यावर नव्या साहेबांनी मला फोन करून अत्यंत सभ्यपणे सांगितले की, ‘मला तुमच्या गेल्या वर्षाच्या कामाची फारशी कल्पना नाही, म्हणून न्यायाच्या दृष्टीने मी तुम्हाला मधला आकडा दिला आहे.’ पुरावे वाचले का, असे मी त्यांना विचारले. ते म्हणाले की त्या मेलमधील बऱ्याच गोष्टींचा संदर्भ त्यांना लागला नाही. मी बढतीच्या शिफारशीचे विचारले. ते म्हणाले की सिस्टिममध्ये तशी काही नोंद दिसत नाही, आणि पुढच्या वर्षी आपण नक्की बघू.

कल्पना नाही, म्हणून मध्यम! या न्यायाने उद्या एखाद्या परीक्षकाला उत्तरपत्रिकेचे अक्षर लागले नाही तर त्याने पन्नास गुण देऊन मोकळे व्हावे आणि विद्यार्थ्याने त्याचे आभार मानावेत. पण एकट्या नव्या साहेबांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण खरा प्रकार त्यानंतरच्या बंद खोलीत होतो. तिथे सर्व मॅनेजर एकत्र बसतात आणि सगळ्यांनी दिलेली रेटिंग बेल कर्व्हमध्ये, म्हणजे थोडे वर, थोडे खाली आणि बाकीचे मध्ये अशा ठरीव प्रमाणात, कोंबतात. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जॅक वेल्च यांनी वरचे २०, मधले ७० आणि खालचे १० टक्के अशी विभागणी गाजवली. मायक्रोसॉफ्टने माणसांना अशा ठरीव प्रमाणात बसवण्याची पद्धत नोव्हेंबर २०१३ मध्ये बंद करून टाकली. आमच्या ठाणे-बेलापूर रस्त्यावर मात्र तिचे नाव तेवढे बदलले, आता तिला कॅलिब्रेशन म्हणतात. वरच्या रेटिंगच्या जागा आधीच मोजून ठेवलेल्या असतात, बढत्यांचा आकडा बजेटमध्ये ठरून आलेला असतो, आणि त्या जागांसाठी प्रत्येक मॅनेजर आपापल्या माणसांची बाजू मांडून भांडतो. भांडतो हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. ज्याचा मॅनेजर जुना, आवाजाचा आणि वरच्यांच्या ओळखीचा, त्याच्या माणसाचे साधे काम तिथे ‘स्ट्रॅटेजिक’ ठरते. ज्यांचा मॅनेजर येऊन जेमतेम काही आठवडे झाले आहेत, त्यांच्या वतीने तो भांडणार कशाच्या जोरावर? शिवाय नव्या माणसाने पहिल्याच बैठकीत इतर सर्वांशी वाकडे का घ्यावे? वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीच्या दिवशी जो भाऊ गावात हजर नसतो त्याच्या वाट्याला जो खडकाळ तुकडा येतो, तोच पोरक्या टीमच्या वाट्याला येतो, आणि वर ‘सर्वांच्या संमतीने’ असे लिहिलेही जाते. आमच्या टीममधून यंदा एकालाही वरचे रेटिंग मिळाले नाही. सबंध टीम एकाच वर्षी एकाच वेळी सुमार झाली, हा योगायोग त्या खोलीतल्या एकाही विद्वानाला खटकला नाही.

एचआरकडे दाद मागायची असल्यास अवश्य मागावी. तिकडून ‘तुमच्या भावना आम्ही समजू शकतो’ असे लेखी उत्तर येते. शब्द मात्र लेखी नव्हता!

आता सल्ले पुरे झाले. माझ्या प्रॉव्हिडंट फंडाला २०१४ पासून यूएएन नावाचा बारा अंकी क्रमांक आहे. कंपनी बदलली, शहर बदलले, तरी तो क्रमांक बदलत नाही आणि जुना हिशेब त्याच्याशी जोडता येतो. कायद्याप्रमाणे सलग पाच वर्षे नोकरी झाली की प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन या दराने ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो, आणि ती वर्षे मोजताना मध्ये किती मॅनेजर आले-गेले हे कोणी विचारत नाही. ज्या सरकारी कारभाराला आपण उठताबसता नावे ठेवतो, त्याला माझी नोकरी आठवते. माझ्या कंपनीला मी कोणत्या सकाळी दारातून उशिरा कार्ड ओढले हे मिनिटासकट आठवते, कोणत्या वर्षी किती रजा शिल्लक राहून वाया गेल्या हेही आठवते. मी काय काम केले, हे मात्र एका माणसाच्या डोक्यात ठेवले होते आणि तो माणूस गेला. याला तुम्ही टॅलेंट मॅनेजमेंट म्हणता? त्यासाठी स्वतंत्र विभाग आहे, त्याचा व्हाइस प्रेसिडेंट आहे, दर सहा महिन्यांनी नवे पोर्टल आहे, आणि त्या पोर्टलमध्ये जाणाऱ्या मॅनेजरकडून चार ओळी सक्तीने लिहून घेणारा एक रकाना तुम्हाला करता येत नाही? टोनरसाठी करता आला. माणसाच्या राजीनाम्याचा ‘ओके’ लॅपटॉपच्या चार्जरवाचून अडवून ठेवता, तो टीमच्या मूल्यमापनावाचून अडवायला तुमचे काय जाते?

आणि सोडून जाणाऱ्या साहेबांनो, तुम्ही जास्त पगाराची नोकरी धरलीत याबद्दल कोणाची तक्रार नाही. प्रत्येक जण त्याच खटपटीत असतो. पण नव्वद दिवस हातात असताना ज्यांच्या जिवावर तुम्ही तुमची मागची दोन रेटिंग मिळवलीत, त्यांच्यासाठी तुम्हाला एका दुपारचा वेळ काढता आला नाही, हे अक्षम्य आहे. फॉर्म प्रत्येकी पंधरा-वीस मिनिटांचा होता. तेवढ्या वेळात तुम्ही निरोपाचे भाषण तयार केलेत, त्यात टीमला ‘माझे कुटुंब’ म्हणालात, आणि कुटुंबातल्या लोकांचे कागद तसेच प्रलंबित ठेवून निघून गेलात. ‘वर बोलणे झाले आहे’ असे सांगून माणसाला वर्षभर राबवून घ्यायचे आणि ते बोलणे कोणाशी झाले हे जाताना सांगायचेही नाही, याला विसराळूपणा म्हणत नाहीत.

नव्या साहेबांना ‘कल्पना नाही’ म्हणायला लाज वाटली पाहिजे. जुने साहेब काही परलोकी गेलेले नाहीत. दोन स्थानके पलीकडे घणसोलीला दुसऱ्या कंपनीत बसतात, त्यांचा मोबाइल क्रमांक तोच आहे आणि तो एचआरच्या फाइलमध्ये आहे. मधला आकडा लिहिण्यापूर्वी एक फोन लावायचा होता.